स्थिर असणं म्हणजे काय



‘सध्या काय करतेस?’ यावर प्रत्येकाने बोलायचं ठरलंय. नोकरीचं एका वाक्यात सांगते: पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. उरलेल्या वेळात, आजवर तुमच्यापैकी कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगते. मला बायपोलर डिसऑर्डर आहे. निदानाला चौदा वर्षं झाली.

या आजारात मन कधी नैराश्यात जातं, तेव्हा अंघोळीचंसुद्धा ओझं वाटतं. कधी उन्मादाकडे जातं, तेव्हा तीन तास झोपूनही थकवा नसतो, विचार सुसाट धावतात, खर्चाला धरबंध राहत नाही. मधला स्थिर काळ लांबवत नेणं, हाच उपचार.

मी लिथियम घेते. उन्मादावर त्याचा उपयोग होतो, हे ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी 1949 मध्ये मांडलं. ठरावीक काळाने रक्तातलं लिथियम, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासावं लागतं. उन्हाळ्यात पाणी कमी पडू द्यायचं नाही. जेवणातलं मीठ एकदम तोडायचं नाही. डोकं दुखलं तरी आयबुप्रोफेन मनाने घ्यायची नाही, कारण लिथियमचं प्रमाण वाढू शकतं.

गोळीइतकीच महत्त्वाची झोप. म्हणून काल गप्पा रंगात असताना मी साडेदहाला उठले. ऑफिसात रात्रीची ड्यूटी घेत नाही, त्याबदल्यात शनिवार-रविवारची घेते. सलग दोन रात्री कमी झोपूनही मी ताजीतवानी दिसले, तर डॉक्टरांना फोन करायचा, हे नवऱ्याशी आधीच ठरलंय.

अवघड काय, तर माझ्या साध्या आनंदाकडेही कधीकधी संशयाने पाहिलं जातं. मी खूप हसले, चिडले, तर लगेच ‘गोळी घेतलीस ना?’ असं विचारू नका. शाळेतही मी चिडकीच होते, बाईंना विचारा!

आणि ‘आता बरी आहेस, मग गोळ्या कशाला?’ असं कुणालाच म्हणू नका. गोळ्या चालू आहेत म्हणून तर बरी आहे.

आपल्यात आणखी कुणी हे लपवून जगत असेल, तर माझ्याशी बोला. अनोळखी माणसाशी बोलणं सोपं वाटत असेल, तर ‘टेली-मानस’चा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. मला फोन मात्र रात्री दहाच्या आत करा.