राज्य जिंकणारे आणि राज्य चालवणारे

(इतिहास परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)



छत्रपती संभाजीनगरात, मराठवाड्याच्या या भूमीत, स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

आशियातील मंगोल आणि मुस्लिम साम्राज्यांचा उदय व कारभार हा विषय परिषदेने निवडला, तेव्हा "याचा आपल्याशी काय संबंध?" असे आमच्याकडे अनेकांनी विचारले. संबंध फार जवळचा आहे. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, रामदेवराय यादवांकडून अलोट संपत्ती घेऊन गेला आणि तिच्या बळावर त्याने दिल्लीचे तख्त मिळवले. त्या तख्तावर बसल्यावर त्याला सर्वांत मोठी धास्ती होती मंगोलांची. 1299 मध्ये ते दिल्लीच्या वेशीवर आले, 1303 मध्ये त्यांनी दिल्लीला वेढा घातला. त्यांना थोपवायला मोठी खडी फौज हवी होती. त्या फौजेचा खर्च पेलावा म्हणून धान्याचे भाव बांधून देण्यात आले, असे इतिहासकार बरनी सांगतो. पुढे 1327 च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने याच देवगिरीचे दौलताबाद करून इथे राजधानी आणली आणि 1347 मध्ये बहमनी राज्याची स्थापनाही इथेच झाली. मंगोलियाच्या गवताळ मैदानात उठलेल्या वादळाचे धक्के आपल्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले होते.

त्या वादळाची सुरुवात 1206 ची. ओनोन नदीकाठच्या सभेत तेमुजिनला 'चंगीझखान' ही पदवी मिळाली. 1218 मध्ये ख्वारझमच्या राज्यातील ओतरार या सरहद्दीवरच्या शहरी, तिथल्या सुभेदाराने मंगोलांकडून आलेला व्यापाऱ्यांचा तांडा हेर ठरवून कापून काढला. ख्वारझमशहाने सुभेदाराला पाठीशी घातले आणि जाब विचारायला आलेल्या वकिलालाही मारले. मग बुखारा, समरकंद, मर्व, निशापूर ही शहरे एकामागोमाग एक पडली. तत्कालीन ग्रंथांतील कत्तलीचे आकडे जसेच्या तसे घ्यावेत का, यावर या परिषदेत जरूर वाद व्हावा. मात्र खोरासान उजाड झाला, यात वाद नाही. 1258 च्या फेब्रुवारीत चंगीझखानाचा नातू हुलागूखान याने बगदाद घेतले, खलिफा मुस्तअसिम मारला गेला आणि पाच शतकांची अब्बासी खिलाफत तिथे संपली. हे दुःख माणसांचे होते. ते लहान करून सांगण्याचा अधिकार कोणत्याही अभ्यासकाला नाही.

मात्र इथेच थांबणारा इतिहास अर्धाच असतो. घोड्याच्या पाठीवरून राज्य जिंकता येते, तिथे बसून ते चालवता येत नाही, ही जुनी चिनी शिकवण चंगीझखानाचा मुलगा आणि वारस ओगदाईखान याला ऐकवली ती येलू चुत्साई या खितान विद्वानाने. उत्तर चीनमधली शेते मोडून कुरणे करावीत, असा सल्ला देणारे लोक मंगोल दरबारात होते. चुत्साईने कराचा हिशेब मांडून दाखवला आणि शेते वाचली.

इराणात हेच घडायला अधिक वेळ लागला, आणि त्याची किंमत रयतेने मोजली. एक प्रसंग सांगतो. तो इतिहासकार रशीदुद्दीनने लिहून ठेवला आहे. तेराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात एक जमीनमालक यझदजवळच्या फिरोजाबाद या मोठ्या गावी आपले येणे वसूल करायला गेला. तीन दिवस त्याला गावचा एकही मुखिया भेटला नाही. गावाच्या मधोमध मात्र वसुलीच्या वराता घेतलेले सतरा जण ठाण मांडून बसलेले होते. शिवारातून पकडून आणलेला एक राखणदार आणि दोन शेतकरी त्यांनी दोराने टांगले होते. लपलेले गावकरी कुठे आहेत, हे त्यांच्याकडून वदवून घ्यायचे होते. जिंकलेले राज्य चालवता आले नाही की काय होते, याचे याहून विदारक चित्र मला माहीत नाही.

1295 मध्ये हुलागूचा पणतू गाझानखान गादीवर आला. त्याने इस्लाम स्वीकारला, आणि इराणचे मंगोल राज्यकर्ते आपल्या रयतेच्या धर्मात आले. या धर्मांतराइतकाच महत्त्वाचा आहे त्याचा कारभार. गावागावाची आकारणी ठरवून ती दगडावर, फळीवर किंवा पत्र्यावर कोरून चारचौघांना दिसेल अशी लावावी, असा त्याचा हुकूम होता. वजनेमापे एकसारखी झाली, नाणे सुधारले, पडीक जमीन कसणाऱ्याला सवलत मिळाली. आपल्या सरदारांना त्याने रोखठोक सुनावले की, रयतेला लुटायचेच असेल तर माझ्याइतका समर्थ कोण आहे? पण बैल आणि बियाणे हिरावून घेतल्यावर उद्या तुम्ही खाणार काय? हे बोलणेही रशीदुद्दीननेच नोंदवले आहे. रशीदुद्दीन स्वतः गाझानचा वजीर होता, तेव्हा आपल्याच कारभाराची बाजू त्याने उजळ केली असणार, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

आणि हा रशीदुद्दीन कोण? हमदानच्या ज्यू घराण्यात जन्मलेला, पुढे मुसलमान झालेला वैद्य. त्याच्या 'जामिउत् तवारीख' या ग्रंथात मंगोलांसोबत चीन, युरोप आणि हिंदुस्थानचाही इतिहास आहे. त्यातले बुद्धचरित्र त्याने काश्मीरच्या कमलश्री या बौद्ध भिक्षूच्या साहाय्याने लिहिले. तब्रीझमध्ये त्याने उभारलेल्या धर्मादाय संस्थेत त्याच्या ग्रंथांच्या अरबी आणि फारसी प्रती दरवर्षी तयार करण्याची तरतूद होती. 1318 मध्ये दरबारी आरोपांत त्याला देहदंड झाला. त्याचे लिखाण मात्र टिकले, म्हणून आज आपण फिरोजाबादच्या त्या तीन माणसांविषयी बोलू शकतो.

मंगोल एका बाजूला आणि मुसलमान दुसऱ्या बाजूला, अशी सरळ रेघ या काळात ओढता येत नाही. 1260 मध्ये ऐन जालूतच्या रणात इजिप्तच्या मामलुकांनी हुलागूच्या फौजेचा पराभव केला. त्यानंतर दोनच वर्षांत हुलागूशी युद्धाला उभा राहिला तो त्याचाच चुलतभाऊ बर्केखान. तो व्होल्गाकाठचा मंगोल राजा होता आणि मुसलमानही होता. त्याने मामलुकांशी संधान बांधले. आणि बगदाद पडल्यावर वर्षभरातच त्याच हुलागूच्या आश्रयाने नसिरुद्दीन तूसीने मराघ्याला वेधशाळा उभारायला घेतली. पुढे समरकंदला उलूघ बेगाने जी वेधशाळा बांधली, ती याच परंपरेतली. तिथल्या कोष्टकांचा आधार अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या खगोलशास्त्रज्ञांनीही घेतला.

कल्पनाही अशाच प्रवास करत होत्या. 1294 मध्ये इराणचा मंगोल शासक गैखातू याने तब्रीझमध्ये चिनी धर्तीचे कागदी चलन सक्तीने आणले. दुकाने बंद झाली, बाजार ओस पडला आणि चलन मागे घ्यावे लागले. जेमतेम चार दशकांत मुहम्मद तुघलकाने चांदीच्या टंक्याच्या बदली तांब्या-पितळेची नाणी पाडली. त्यांतली काही दौलताबादच्या टांकसाळीतली आहेत. चीन आणि इराणच्या उदाहरणाची वार्ता त्याच्या कानी असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. तोही प्रयोग फसला. याच तुघलकाने इब्न बतूताला चीनच्या मंगोल बादशहाकडे वकील म्हणून धाडले, तेव्हा तो वाटेत दौलताबादला उतरला होता.

मित्रहो, मला आग्रहाने एवढेच मांडायचे आहे. या साम्राज्यांच्या लढाया आपण पुष्कळ वाचल्या. आता त्यांचे दप्तर वाचू या. कर कोणी बसवला, तो कोणाच्या घरातून वसूल झाला, हिशेब कोणत्या भाषेत लिहिला गेला, हे प्रश्न विचारू या. कोणी त्या काळाचा अभिमान मिरवायला बसतो, कोणी जुना हिशेब चुकता करायला. या दोघांनाही फिरोजाबादचा तो राखणदार दिसत नाही. तो दिसायचा तर मूळ साधनांपाशीच जावे लागेल, आणि ती साधने फारसी, अरबी, चिनी, मंगोल अशा भाषांत आहेत.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. ग. ह. खरे यांनी ऐतिहासिक फारसी साहित्य संपादून मराठीत आणले. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठी वाचकाच्या हाती दिली. त्यांच्या तोलाची माणसे आज आपल्या विद्यापीठांतून किती घडत आहेत, याची मला मनापासून काळजी वाटते. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की तुमच्यापैकी निदान काही जणांनी फारसी शिकायला घ्या. प्राध्यापकांनी त्यांना वेळ द्यावा आणि आमच्यासारख्या गावकऱ्यांनी त्यांच्या शिक्षणाचा भार उचलावा. या शहरापुरता तो उचलण्यासाठी झटण्याची जबाबदारी मी स्वागताध्यक्ष या नात्याने स्वीकारतो.

आपल्या निवास-भोजनाची व्यवस्था कार्यकर्त्यांनी आपुलकीने केली आहे. समारोपानंतर दौलताबादच्या किल्ल्यावर जाण्याची सोयही आहे. काही उणे-अधिक वाटले तर हक्काने सांगावे, हे घर आपलेच आहे. या दोन दिवसांत मोकळेपणाने वाद व्हावेत, पुराव्यानिशी व्हावेत आणि निबंधांइतकीच नवी मैत्रीही जुळावी, अशी इच्छा व्यक्त करतो. पुन्हा एकवार आपणा सर्वांचे स्वागत करून, उद्घाटक महोदयांनी परिषदेचे उद्घाटन करावे अशी त्यांना विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!