घर घेताना भेग पाहावी



पहिले घर घेताना आपण ओटा, मोरी, देवघराची जागा पाहतो. जोत्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. म्हणून आज त्याविषयी चार शब्द सांगते.

प्रत्येक भेग वाईट नसते. गिलावा वाळताना केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्यांना भिऊ नये. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, एका टोकाला रुंद, भिंतीच्या आरपार गेलेली भेग दिसली, दार चौकटीत अडकू लागले, तर पाया खचत असल्याची शंका घ्यावी. नव्या रंगाखाली भेग झाकते. म्हणून घराला बाहेरून फेरी घालून जोते पाहावे. भेगेच्या टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. शक्य तर एक पावसाळा जाऊ द्यावा. भेग खुणेपुढे सरकली, तर इंजिनीयरला दाखविल्यावाचून बयाणा देऊ नये.

महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे गेली, ती आपण विसरलेलो नाही. आपल्या तळीयेत तर २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत डोंगरच घरांवर आला. ऐंशीहून अधिक जीव गेले. भिंत कितीही भक्कम असली तरी अशा वेळी ती काय करणार? म्हणून आपल्या मुलखात घराइतकाच घरामागचा उतारही पाहावा. जमिनीला पडलेली नवी भेग, कललेली झाडे, अचानक फुटलेला गढूळ झरा दिसताच मुलेमाणसे, म्हातारीकोतारी घेऊन आधी बाहेर पडावे, शेजाऱ्यांना हाक द्यावी आणि तहसील कचेरीला कळवावे.

भांडीकुंडी मागे राहिली तर राहू द्यावीत. ती पुन्हा घेता येतात.