नाक वर, पट्टी खाली
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्यासपीठावरून दरवर्षी साहित्य, संगीत, इतिहास यांवर जाणकार मंडळी बोलतात. मी जलसंसाधन विभागातला डिप्लोमावाला उपयंत्री. धरणाची गेटं, होइस्ट, मोटरी आणि ग्रीस हा माझा विषय. पण मामेभाऊ घरी विमान बांधतोय आणि मी त्याला हात लावून आलोय, हे आमच्या सचिवांना कुठूनसं कळलं आणि त्यांनी मला धरलं. कार्यक्रमपत्रिकेत त्यांनी 'मी विमान बनवलं' असं छापलंय. ते खरं नाही. मी त्या विमानाची हातभर लांबीची एक पट्टी बसवायला मदत केली, आणि तीसुद्धा आधी उलटी जोडली. आज त्या पट्टीचीच गोष्ट सांगतो.

२०१९ साली अर्जित रजा आणि परदेशी जाण्याची विभागीय परवानगी घेऊन मी महिनाभर अमेरिकेत होतो. (त्या परवानगीची कथा वेगळ्या व्याख्यानाला पुरेल.) दादाच्या घरी गाडी बाहेर उन्हात आणि गॅरेजमध्ये विमान! ओरेगॉन राज्यातल्या व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-७ नावाचं किट. दोघांनी शेजारीशेजारी बसायचं. किट म्हणजे भोकं पाडलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, खोके भरून रिव्हेट आणि नकाशांची चळत. तिकडचा नियम असा, की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी, स्वतः केलेलं असलं पाहिजे. मदतीला भाऊबंद चालतात. किंबहुना लागतातच, कारण रिव्हेट मारताना एकानं गन चालवायची आणि दुसऱ्यानं मागून लोखंडी ठोकळा धरायचा. माझा पहिला आठवडा ठोकळा धरण्यात गेला.

आता ट्रिम म्हणजे काय? आपल्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या आठवा. ट्रॉलीवरच्या वजनाचा तोल बिघडला, की ड्रायव्हर सगळा रस्ता बिचकत जातो. विमानाचंही तसंच. वेग बदलला, शेजारी कुणी बसलं, मागे सामान ठेवलं, की नाक वर किंवा खाली जायला बघतं. मग वैमानिकाला दांडी सतत ओढून नाहीतर ढकलून धरावी लागते. पाच मिनिटं जमेल, दोन तास नाही. म्हणून शेपटीच्या आडव्या हलत्या फळीला, म्हणजे एलेव्हेटरला, मागच्या कडेवर बिजागरीनं एक छोटी पट्टी लावतात. तिला ट्रिम टॅब म्हणतात. वैमानिकाच्या हाताचं ओझं ती पट्टी उचलते.

खरी गंमत पुढेच आहे. पट्टी खाली वळवली, की वारा तिला वर ढकलतो. ती एलेव्हेटरला घेऊन वर जाते. एलेव्हेटर वर गेला, की शेपूट खाली दबते आणि नाक वर येतं. म्हणजे नाक वर हवं असेल, तर पट्टी खाली गेली पाहिजे. हे ऐकताना सोपं वाटतं. रात्री साडेदहाला, गॅरेजमध्ये, कमरेत वाकून उभं असताना तितकं सोपं राहत नाही.

पट्टी हलवायला दादानं विजेचा सर्वो घेतला होता. मुठीत मावेल एवढा, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. आत छोटी मोटर, गिअर आणि आट्यांची दांडी. आपल्या गेटच्या स्क्रू होइस्टची जणू बाळमूर्तीच! आट्यांचा फायदा तोच: मोटर बंद असली, की वाऱ्यानं ढकलूनही पट्टी मागे फिरत नाही. सर्वोला पाच तारा. नारिंगी, निळी आणि हिरवी या तीन पट्टी कुठे आहे ते डॅशबोर्डवर दाखवायला. उरलेल्या दोन मोटरच्या, आणि त्या दोन्ही पांढऱ्या! कुठली कुठे जोडायची ते चालवून बघायचं. उलटं फिरलं, तर तारा बदलायच्या.

मी जोडल्या. दादा आत बसला, मी शेपटीपाशी. तिथून त्याला पट्टी दिसत नाही. त्यानं ओरडून विचारलं, "नाक वरचं बटण दाबतोय, काय झालं?" पट्टी वर गेली होती. मी खुशीत ओरडलो, "वर!" तो म्हणाला, "झकास!" आणि बिल्ला लावल्यासारखी त्यानं यादीत खूण केली.

वहिनी स्टुलावर बसून टॉर्च आणि नकाशा धरून होत्या. त्या शाळेत शिकवतात, विमानाशी त्यांचा संबंध एवढाच, की ते त्यांच्या गॅरेजमध्ये होतं. त्या म्हणाल्या, "अहो भाऊजी, चित्रात तर बाण खाली आहे."

दोन क्षण आम्ही दोघं काहीच बोललो नाही. मी 'वर' म्हणालो ते पट्टीबद्दल, त्यानं ऐकलं ते नाकाबद्दल. शब्द एकच, आणि दोघंही खरं बोलत होतो.

मला जास्त लागलं ते वेगळ्या कारणानं. मोटर रिवाइंड होऊन आली, की दोन फेज अदलाबदल होऊन ती उलटी फिरू शकते. म्हणून होइस्टला जोडण्याआधी बटण क्षणभर दाबून दिशा बघायची, हे मी नव्या पोरांना वीस वर्षं शिकवतोय. आणि गेट उलटं गेलं, तर आपण जमिनीवर उभे असतो. इथे आत दादा बसणार होता. नाक जड वाटलं, की त्यानं 'वर' दाबलं असतं, नाक आणखी खाली गेलं असतं, मग त्यानं आणखी दाबलं असतं.

हे काल्पनिक नाही. २६ ऑगस्ट २००३ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये बीचक्राफ्ट १९०० जातीचं एक विमान ट्रिमची केबल बदलून बाहेर आलं, उडालं आणि थोड्याच वेळात समुद्रात पडलं. दोन्ही वैमानिक गेले. ट्रिम उलटी बसली होती. देखभालीच्या पुस्तकातलं ड्रमचं चित्रच चुकीचं होतं, आणि कामानंतरची तपासणी नीट झाली नव्हती. व्यावसायिक तंत्रज्ञ होते ते, आमच्यासारखे गॅरेजवाले नव्हेत.

तारा बदलल्या. शिवाय त्या रात्रीपासून नुसतं 'वर-खाली' बोलणं बंद केलं. "नाक वर" असं आतून म्हणायचं, "पट्टी खाली" असं बाहेरून उत्तर.

नटांबद्दल थोडं सांगतो, कारण तो माझा जिव्हाळ्याचा विषय. २०११ साली नेवाडातल्या रेनोच्या विमानशर्यतीत एक जुनं मस्टँग विमान प्रेक्षकांजवळ कोसळलं, वैमानिकासह अकरा जण गेले. त्या विमानात बरेच फेरफार केलेले होते. तपासात आढळलं, की ट्रिम टॅबच्या लॉकनटांमधली पकड झिजली होती, स्क्रू सैल झाले आणि पट्टी थरथरू लागली. आपल्याकडे नायलॉक नट उघडला, की पुसून परत लावतात. मीही लावलेत. दादाच्या विमानात प्रत्येक नट नवा घातला. पट्टी हातानं हलवून बिजागरीत आणि दांडीत खेळ आहे का, तेही पुन्हापुन्हा पाहिलं. आणि बटण चिकटून मोटर चालूच राहिली तर? त्यासाठी ट्रिमचा वेगळा ब्रेकर त्यानं हाताच्या टप्प्यात बसवला.

आपल्याकडे हे होतं का, असं कुणीतरी विचारणारच. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ साली ते 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ठेवलं होतं. त्याची नोंदणी व्हायला २०१७ आणि उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ उजाडलं. माझ्या परदेशवारीच्या परवानगीबद्दल मी त्यानंतर तक्रार केलेली नाही.

दादाचं विमान २०२१ साली तपासणी होऊन उडालं. पहिल्या चाचण्यांत शेजारी प्रवासी बसवता येत नाही, त्यामुळे तो एकटाच. वहिनी धावपट्टीच्या कुंपणाशी उभ्या. निघण्यापूर्वी त्यांनी शेपटीमागे जाऊन, मोठ्यानं, मराठीत, "पट्टी खाली" म्हटलं होतं. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, मी फोन उशाशी घेऊन जागा. फोन आला तो वहिनींचा नाही, त्याचाच. हॅलो नाही, काही नाही. म्हणाला, "अरे, ट्रिम लावली आणि दांडी सोडून दिली. नाक जागचं हललं नाही."

आरतीची वेळ झाली आहे. गणपती बाप्पा मोरया.