अभियांत्रिकी सोडून वैद्यकाकडे

डोंबिवलीतील एखादे नोकरदार कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. वडील सकाळच्या जलद गाडीने मुंबईस जाणारे, आई ठाण्यास नोकरीला, आणि मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात. रात्री पाने मांडलेली असताना तो मान खाली घालून म्हणतो, "बाबा, मला हे पुढं शिकायचं नाही. मला मेडिकलला जायचंय." वडिलांचा घास हातातच राहतो. आई म्हणते, "अरे, दोन वर्षांची फी भरली, ती काय पाण्यात गेली म्हणायची?" आजोबा तेवढे म्हणतात, "आधी त्याला जेवू तर द्या."

असा प्रसंग आता अपूर्व राहिलेला नाही. दहावी झाली की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास गणिताची वाट धरावयाची की जीवशास्त्राची, हे ठरवावे लागते; आणि खरे पाहता ते बहुधा तो ठरवीत नाही. शेजारच्या मुलास कोठे प्रवेश मिळाला, ह्यावरून घर ते ठरविते. पुढे चार वर्षांनी त्याचे स्वतःचे मन जागे झाले, तर त्याचा दोष एकट्या त्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

परत फिरण्याची वाट एके काळी जवळजवळ बंद होती. बारावीस जीवशास्त्र न घेतलेल्यास वैद्यकाचे दार उघडत नसे. २०२३च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अशा विद्यार्थ्यांस मोकळीक दिली. बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय उत्तीर्ण झाल्यास 'नीट' परीक्षेस बसता येऊ लागले. वयाची वरची मर्यादा तर २०२२ सालीच उठली होती. तेव्हा "आता उशीर झाला" हे वाक्य नियमाच्या पुस्तकात नाही. ते घरातल्या हिशेबात आहे, आणि तेथे ते पुष्कळ अंशी खरेही आहे.

तो हिशेब असा. विसाव्या वर्षी महाविद्यालय सोडले, एक वर्ष तयारीत गेले आणि पहिल्याच खेपेस यश आले, तरी प्रवेश एकविसाव्या वर्षी. मग साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यावर एक वर्षाची रुग्णालयातील उमेदवारी. पुढील पदवी घ्यावयाची तर आणखी तीन वर्षे. वयाची तिशी तेथेच गाठते. त्याच्या वर्गातील सोबती बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पगार घरी आणू लागलेले असतात, आणि इकडे वडिलांच्या निवृत्तीची तारीख जवळ येत असते. खेरीज, पहिल्या खेपेस यश येईल ही कल्पना फार उदार आहे. २०२४ साली ह्या परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. जागा मात्र सगळ्या देशात एक लाखाच्या थोड्या वर, आणि त्यांतील सरकारी साधारण निम्म्या. उरलेल्यांची फी पाहून मध्यमवर्गीय गृहस्थाने पुस्तक मिटून ठेवावे!

परीक्षेचे स्वरूपही ध्यानात घेण्याजोगे आहे. ७२० गुणांपैकी १८० पदार्थविज्ञानाचे, १८० रसायनाचे आणि ३६० जीवशास्त्राचे. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास एक जातो. म्हणजे अभियांत्रिकीच्या मुलास निम्मी पत्रिका ओळखीची आणि निम्मी अनोळखी. पदार्थविज्ञानाची गणिते तो इतरांहून झपाट्याने सोडवील. परंतु वनस्पतींची कुळे आणि पेशींचे व्यापार ह्यांना सूत्र लावता येत नाही, ते चिकाटीने पाठच करावे लागतात. सूत्रांची सवय जडलेल्या बुद्धीस हे काम प्रथम कंटाळवाणे वाटते.

हे सर्व असूनही जावे का? येथे कल्याणच्या एका मुलीचे स्मरण होणे साहजिक आहे. आनंदीबाई जोशी ह्यांचा जन्म १८६५ सालचा. नवव्या वर्षी लग्न, आणि चौदाव्या वर्षी झालेले मूल काही दिवसांतच गेले. १८८३ साली त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाकडे अर्ज केला, तेव्हा प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करीत नाही, हे त्यांनी लपविले नाही. आपल्या देशभगिनी पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना साह्य करावयाचे आहे, एवढे कारण त्यांनी सांगितले. आणि ते पुरले. १८८६च्या मार्चमध्ये पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत क्षयाने त्या गेल्या, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आजच्या मुलाकडे एवढे मोठे कारण असावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. पण काही कारण असावे. सत्रात दोन विषय राहिले, यंत्रशाळेत मन रमत नाही, नोकऱ्या कमी झाल्याचे वर्तमान ऐकले, ही सोडण्याची कारणे झाली, जाण्याची नव्हेत. शिवाय रोग्याच्या उपयोगी पडावयाचे तर अभियांत्रिकी सोडलीच पाहिजे असेही नाही. शरीराचे आडवे छेद दाखविणारे सी.टी. यंत्र सिद्ध करणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे विद्युत् अभियंते होते, आणि १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला तो वैद्यकातला.

म्हणून अर्जापूर्वी ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांच्या परवानगीने आठ-दहा दिवस मुकाट्याने बसावे. कळव्यास ठाणे महानगरपालिकेचे रुग्णालय आहे, त्याला जोडून १९९२ पासून वैद्यकीय महाविद्यालय चालते. तेथल्या बाह्यरुग्ण विभागाची रांग एखाद्या सकाळी लांबून पाहावी. कोणाचे ओरडणे, कोणाचा वास, तोच प्रश्न दहादा विचारणारी म्हातारी. हे पाहून दुसऱ्या दिवशी पुन्हा यावेसे वाटते का, हे इतर कोणी सांगू शकत नाही.

त्या डोंबिवलीच्या घरात जेवणे आटोपल्यावर आजोबांनी नातवाला एवढेच विचारावे, "तिकडं तुला काय दिसलं रे?" नातवाने जरा थांबून, मागल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंना रात्री रुग्णालयात नेले त्याची हकीकत सांगावी, रात्रपाळीचा तरुण डॉक्टर काय करीत होता, हे बारीकसारीक तपशिलासह. आणि वडिलांनी तोवर कपाटातून अभियांत्रिकीच्या फीची पावती काढून पुढच्या हप्त्याची तारीख पाहावी. अजून तीन आठवडे असावेत.