पूर ओसरल्यानंतरचे गाव

नदीचे पाणी पात्रात परत गेले की सरकारी दफ्तरातील पूर संपतो. भीमाकाठच्या शेतकऱ्याच्या हिशेबी मात्र जमिनीला वाफसा आल्यावाचून तो संपत नाही. काळी माती पाणी सोडावयास फार वेळ घेते. वरचा पापुद्रा वाळलेला दिसतो आणि पाऊल टाकावे तो घोट्यापर्यंत रुतते. कुळव चालत नाही, तिफण चालत नाही. दिवस तर नेमके रब्बीच्या पेरणीचे असतात.

गाणगापूरला जाणाऱ्या मराठी भाविकाला ही भीमा परिचयाची आहे. अमरजेशी होणारा तिचा संगम त्याने पाहिलेला असतो. त्या काठी अफझलपूर, जेवर्गी, चितापूर या तालुक्यांत पुराशी झुंजणारी गावे आहेत, हे मात्र सहसा त्याच्या ध्यानी येत नाही. उत्तरेस बीदर जिल्ह्यात हीच गोष्ट मांजरा नदीची. दोन्ही नद्या महाराष्ट्रातून येतात, आणि वरच्या अंगाला पडलेला पाऊस खालच्या गावाला स्वतःच्या आभाळात ढग नसतानाही भोगावा लागतो. १३ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातील वादळी पावसाचे क्षेत्र काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आले आणि तेलंगण ओलांडून सोलापूरच्या बाजूस सरकले. उजनीचे पाणी, नीरेचे पाणी आणि सीनेचे पाणी एकाच वेळी भीमेत उतरले. अफझलपूर तालुक्यातील सोन्न बंधाऱ्यावरून तेव्हा सुमारे आठ लाख क्युसेक पाणी वाहत होते. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सीना आणि मांजरा या दोन्ही नद्या पुन्हा खवळल्या, आणि कलबुरगी व बीदर या दोन्ही जिल्ह्यांतील उभी पिके पाण्याखाली गेली.

मातीच्या घराची एक रीत आहे. पाणी भोवताली असते तोवर भिंत बहुधा तग धरते. पाणी उतरून ऊन पडले की ती फुगते, तडकते आणि कोसळते. म्हणून निवारा केंद्रातून परत आलेल्या कुटुंबाला उभ्या भिंतीचा भरवसा धरता येत नाही. शहाबादी फरशीचे छप्पर असेल तर धोका अधिकच. घरातील गाळ बायका पाट्यांनी उपसतात. पोत्यांतील भिजलेल्या ज्वारीला मोड येतात, वास सुटतो. ती जनावरेही तोंडात धरीत नाहीत. शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, मुलांची दप्तरे यांचा लगदा झालेला असतो. औराद आणि भालकी या भागांत कित्येक घरांची बोली मराठी, अर्ज मात्र कानडीत भरावयाचा. अशा वेळी गावातील दोन्ही भाषा जाणणारा एखादा शिक्षक वा दुकानदार तहसीलदारापेक्षाही मोठा ठरतो.

तथापि घरापेक्षा शेताचा प्रश्न बिकट आहे. कलबुरगीची तूर साऱ्या देशात नावाजलेली. जून-जुलैत पेरलेले हे पीक डिसेंबर-जानेवारीत घरात येते. मुळाशी चार दिवस पाणी साचले की ते मान टाकते, आणि वर्षाचा पैसा तिथेच बुडतो. बीदरकडे त्याच सुमारास सोयाबीन काढणीला आलेले असते. २०२५ साली कर्नाटक सरकारने कोरडवाहू पिकांसाठी केंद्रीय निकषाच्या हेक्टरी ८,५०० रुपयांत आपले तितकेच रुपये घातले, ही गोष्ट योग्यच झाली. परंतु ही मदत, पहाणीवर ज्याचे नाव त्याच्या खात्यात जाते. बटईने जमीन कसणाऱ्याचे बियाणे गेले, खत गेले, श्रम गेले. त्याचे नाव त्या उताऱ्यावर नसते. पुरानंतर हैदराबाद, पुणे, मुंबईची वाट आधी धरतो तो हाच माणूस. त्याच्यामागे राहिलेल्या घरात म्हातारी माणसे आणि सावकाराची चिठ्ठी एवढेच उरते. गावाची भांडवली ताकद ज्या माणसांच्या अंगमेहनतीत आहे, तीच अशी बाहेर जाते.

मग असे गाव उंचावर हलवावे, हा विचार प्रत्येक पुरानंतर पुढे येतो. २००९ च्या सप्टेंबरअखेरीस उत्तर कर्नाटकात प्रलय झाला, तेव्हा राज्य सरकारने ‘आसरे’ नावाची योजना आखली. जमीन सरकारने द्यावी आणि घरे उद्योगपतींनी व देणगीदारांनी बांधावीत, अशी ती व्यवस्था होती. हेतू उत्तम होता. पण काही ठिकाणी घरे पुरी झाली आणि माणसे राहावयास गेली नाहीत. कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. दोन खोल्यांच्या घरात बैल कोठे बांधावा? कडबा कोठे रचावा? पहाटे धार काढून शेतावर जाणाऱ्या बाईने रोज किती मैल चालावे? घराचा नकाशा शहरात काढला, आणि त्यात गोठा विसरला गेला.

या दोन जिल्ह्यांच्या शेजारीच याचा एक मोठा अनुभव पडून आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. ती आपत्ती निराळी. पण गाव पुन्हा वसविण्याचा प्रश्न तोच. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे सरकारने नव्या जागी हलविली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली. त्याहून कितीतरी अधिक गावांत मात्र घरे जागच्या जागी दुरुस्त करून मजबूत करण्याचे ठरले. पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती आला, गवंडी गावचाच राहिला. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. हप्ता कोणाचा अडला, सिमेंट कोठे कमी पडले, भिंतीत लोखंड खरेच बसले की नाही, हे त्या पाहू लागल्या. जी बाई भूकंपापूर्वी चावडीवर पाऊल ठेवीत नव्हती, ती अभियंत्याला प्रश्न विचारू लागली.

पुराच्या गावाला हा दुसरा मार्ग जसाच्या तसा लागू पडणार नाही, हे उघड आहे. भूकंपात मजबूत केलेले घर टिकते. नदीच्या पात्रालगतचे घर कितीही मजबूत केले तरी त्यात पाणी शिरावयाचेच. तेथे घर हलविणे भाग आहे. परंतु कोठे हलवावे, गोठ्याला जागा किती सोडावी, कोणत्या आळीने कोणत्या आळीशेजारी राहावे, हे गावाने ठरवावे आणि पैसा गावाच्या हातून खर्च व्हावा, एवढे किल्लारीच्या दुरुस्तीतून निश्चित घेता येईल. शेत मात्र नदीकाठीच राहणार. पुराने खरवडले तेथे दगड उघडे पडतात. पण जेथे गाळ बसला तेथे, पाणी उतरताच, शेतकरी गाळपेर करतो आणि त्या जमिनीत हरभरा व ज्वारी जोमाने येते. ही जमीन सोडून जा, असे त्याला कोणी सांगू नये.

किल्लारीच्या नव्या वसाहतींत आज जाणाऱ्याला सरळ, रुंद रस्ते दिसतात. त्या रस्त्यांवर घरांना लागून पत्र्याची, तट्ट्यांची ओसरी निघालेली असते. तेथे चूल आहे, गाय बांधली आहे, म्हातारे माणूस बाजेवर बसले आहे. नकाशात जे नव्हते ते घरातील माणसांनी मागाहून आपल्या खर्चाने बांधून घेतले.