मुक्ताचा सवाल

(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



मांग समाजातली मुक्ता साळवे ही पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकली. तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. आमच्या बाया छप्पर नसलेल्या घरात बाळंत होतात, हे तिने मांडलं. ज्यांना वेद वाचायची बंदी, त्यांचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल तिने देवालाच केला. ही हिंमत शाळेने दिली.

आणि आम्ही काय केलं? गिरणीच्या पगारात भागत नाही म्हणून थोरल्या लेकीला सातवीतून काढली, भावंडं सांभाळायला. पोरगा मात्र कॉलेजात. पाहुणे आले की ती आत जाऊन बसायची. पुढे रात्रशाळेत जाऊन ती दहावी झाली. परवा रेशनवर धान्य कमी भरलं. आम्ही गप्प राहिलो. तिने पावती वाचून हिशेब मागितला, राहिलेलं धान्य घेऊनच घरी आली.

चूक आमची होती, हे आज सर्वांसमक्ष कबूल करतो. तुम्ही ती करू नका. घरात पैसा कमी असेल तर दुसरा खर्च तोडा, मुलीची शाळा तोडू नका.

जय भीम!