प्रांगणातील माती



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी ख्रिस्तमंदिराच्या प्रांगणात सर्वत्र फरशी बसवावी, अशी सूचना आम्हांपुढे आली आहे. हेतू शुद्ध आहे. मिरवणुकीत चिखल कोणास आवडतो? तथापि आमच्या शाळेतील मुलांनी नेमकी उलट विनंती केली आहे, आणि तीच आम्हांस अधिक वजनदार वाटते.

आपल्या बोरिवलीची दहिसर नदी तुळशी तलावाकडून निघते, राष्ट्रीय उद्यानाच्या रानातून वाहते व मनोरीच्या खाडीस मिळते. एकेकाळी तिच्या काठी चित्रपटांचे चित्रण होत असे, हे आजच्या मुलांस खरेच वाटत नाही! वस्तीत शिरताच तिचा नाला होतो. सांडपाणी व कचरा ही त्याची कारणे सर्वांस ठाऊक आहेत. आणखी एक कारण आपल्या पायांखाली आहे. जे पाणी मातीत मुरावयाचे, ते फरशीवरून धावत सुटते आणि वाटेतील तेल, धूळ, प्लास्टिक घेऊन थेट नदीत उतरते.

मुलांनी गेल्या पावसाळ्यात काठावर करंज, जांभूळ व उंबर लावले, आणि उन्हाळ्यात बादल्यांनी पाणी घालून ते जगविले. लावणारे पुष्कळ असतात, जगविणारे थोडे. आता छपराच्या पन्हळीचे पाणी जेथे पडते, तेथे त्यांना वीतभर खोल वाफा करावयाचा आहे. भुसभुशीत माती, वाळू व शेणखत, आणि त्यांत वाळा व कर्दळ. पाणी तेथे थबकते, गाळ खाली बसतो, मुळांच्या वाटेने पाणी भूमीत जिरते.

डास होतील, असे काही वडीलधारी म्हणतात. अंड्याचा डास होण्यास सुमारे आठवडा लागतो. नीट केलेला वाफा एक-दोन दिवसांत कोरडा होतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. तशा प्रलयापुढे वाफ्याचे काही चालणार नाही, हे आम्ही मुलांस स्पष्ट सांगितले. परंतु सर्वांत अधिक घाण वाहून नेणाऱ्या पहिल्या सरींस तो खचित अडवील.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढले. त्याचे नाव असिसीच्या संत फ्रान्सिसच्या स्तोत्रातून घेतलेले आहे. त्याच संताचे अनुयायी सोळाव्या शतकात येथून जवळच, मंडपेश्वरी, येऊन राहिले होते.

तेव्हा दारापासून फाटकापर्यंतची वाट फरशीची होवो, उरलेली माती उघडी राहो, असे आम्ही मंडळापुढे मांडणार आहो. मृगापूर्वीच्या शनिवारी मुले खणावयास येतील. कुदळी तीनच आहेत. ज्यांच्या घरी असेल त्यांनी पाठवावी.